शोकेसमधला ‘आधी’

मी ‘आधी’ बोलतोय. माझ्या शेजारी चकचकीत चौकटीत बसलाय तो ‘नंतर’. त्याच्या नादी लागू नका. दिसायला तो छान आहे, पण त्याच्या आयुष्यात अजून सांगण्यासारखं काही घडलेलं नाही. माझ्या आयुष्यात इतकं घडलंय, की ते माझ्या तोंडावरच दिसतं. मधोमध आडवी घडी, एक कोपरा गायब आणि खाली चहाचा भलामोठा डाग.

मी एक जुना कृष्णधवल फोटो आहे. जुने फोटो दुरुस्त करून देणाऱ्या एका छोट्या दुकानाच्या शोकेसमध्ये माझा मुक्काम असतो. येणारेजाणारे माझ्याकडे बोट दाखवून ‘अरेरे’ म्हणतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. जाहिरातीत ‘अरेरे’ म्हणवून घेणं हेच माझं काम आहे आणि ते मी चोख करतो. फक्त एक गैरसमज दूर करायचाय. लोकांना वाटतं, बिचारा कुठल्यातरी ओल्या माळ्यावर वर्षानुवर्षं कुजत पडला असेल. छे! माझी ही दशा जुने फोटो वाचवणाऱ्या याच दुकानात केली गेली. तीही एका दुपारी, अगदी मन लावून.

पण सुरुवातीपासून सांगतो.

माझा जन्म एका स्टुडिओत झाला. समोर स्टुलावर एक तरुण मुलगी बसली होती. तिला शाळेतल्या नोकरीसाठी अर्ज करायचा होता आणि अर्जावर गंभीर चेहऱ्याचा फोटो हवा होता. तिचे वडील शेजारी उभे राहून ‘गंभीर, अजून गंभीर’ असं बजावत होते. फोटोग्राफर कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात शिरला, आत बराच वेळ खुडबुडला आणि बाहेर आला. तो बाहेर आला, पण त्याच्या केसांचा टोप आतच राहिला.

मुलगी अशी काही हसली, की स्टूल डगमगलं. फोटोग्राफरनं डोक्यावरून हात फिरवला, डोक्यावर नुसतं डोकंच आहे हे त्याला कळलं, तो दचकला आणि त्याच्या हातातला कॅमेऱ्याचा खटका पाडायचा रबरी फुगा दाबला गेला. खटकन आवाज झाला आणि मी जन्माला आलो. डोळे हसून बारीक झालेले, गाल वर गेलेले, तोंड सताड उघडं आणि वरच्या ओळीतला एक किंचित वाकडा दात सगळ्या जगाला दिसतोय, असा.

वडील भडकले. “ही असली खिदळणारी मुलगी कोण ठेवील शाळेत?” दुसरा फोटो काढला गेला. तो इतका गंभीर होता, की नोकरी लगेच मिळाली. पुढे ती त्याच शाळेची मुख्याध्यापिका झाली आणि त्या दुसऱ्या फोटोतला चेहरा तिनं निवृत्तीपर्यंत उतरवला नाही. मुलं तिला इतकी टरकून असत, की ती रजेवर असली तरी तिच्या केबिनसमोरून पाय न वाजवता जात. पण घरी आल्यावर ती कधीकधी कपाट उघडायची, पाकिटातून मला बाहेर काढायची, नुसतं बघायची आणि परत ठेवायची. मी तिला अगंतुगं करतो, त्याचं कारण हेच. आमची ओळख जुनी आहे.

तिचा एक भाचा होता. फोटो दुरुस्तीच्या कामात बोटं सोन्याची, पण बोलण्यात अगदी मुखदुर्बळ. त्याला दुकान काढायचं होतं. आत्यानं स्वतःची रस्त्यावरची एक खोली त्याला वापरायला दिली आणि किल्लीबरोबर माझं पाकीटही दिलं. “हा तुझ्याकडे ठेव,” म्हणाली. “माझ्या घरी याला बघणारं कोणी नाही.”

भाच्यानं मला उजेडात धरलं, तिरकं केलं, उलटं केलं. “वा! एकही डाग नाही,” म्हणाला आणि मला खणात टाकलं.

इथे या माणसाची खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं. त्याला फोटोत माणूस दिसतच नसे. त्याला ओरखडा दिसे, बुरशी दिसे, कसर लागलेली कडा दिसे. एकदा रस्त्यात एका बाईंनी त्याला हाक मारली, तर यानं ओळखलंच नाही. मग त्या म्हणाल्या, “अहो, डाव्या खांद्यावर शाईचा डाग.” लगेच हा म्हणाला, “अरे, तुम्ही होय! कशा आहात?” माझ्यावर डाग नव्हता. म्हणजे त्यानं मला पाहिलंच नव्हतं.

दुकान चालेना. गिऱ्हाईक फिरकेना. शेजारच्या शिंप्याला मात्र ती खोली हवी होती. तो दर दोन दिवसांनी गळ्यातली टेप काढत आत यायचा, भिंत मोजायचा आणि ‘सहजच’ म्हणून जायचा. शेवटी आत्या म्हणाली, “वर्ष झालं. पुढच्या महिन्यात येऊन बघेन. दुकानात गिऱ्हाईक दिसलं तर ठीक. नाहीतर खोली शिंप्याला.” आत्याचा शब्द म्हणजे शाळेची घंटा. झाली की झाली.

भाच्याची बायको, म्हणजे आत्याची भाचेसून, पदर खोचून जाहिरातीच्या मागे लागली. तिच्या अंगात उत्साह इतका, की तो ठेवायला तिला जागा पुरत नसे. आधी तिनं पत्रकं वाटली. त्यांवर ठळक अक्षरांत छापलं, ‘फाटलेले नातेवाईक जोडून मिळतील’. दुसऱ्याच दिवशी दोन जावा भांडत आत आल्या आणि ‘आधी माझं ऐका’ म्हणत खुर्च्यांवर बसल्या. भाचा त्यांना घाबरून फोटोंमागे लावायच्या काळ्या कापडामागे लपला. भाचेसुनेनं दोघींचं ऐकून घेतलं, चहा पाजला. त्या समेट करून गेल्या. फोटो एकीनंही आणला नाही.

मग तिला सुचलं, “अहो, शोकेसमध्ये ‘आधी’ आणि ‘नंतर’ लावायला हवं. लोकांना फरक दिसला पाहिजे.”

“गिऱ्हाइकांचे फोटो असे लावता येत नाहीत,” भाचा म्हणाला. “मागे एकांचे आजोबा लावले होते, तर ते केवढे चिडले! म्हणाले, आमच्या आजोबांना भर रस्त्यात कसर लागलेली दाखवता?”

“मग घरचा लावू. आत्यांचा आहे ना खणात? आत्या आल्या की स्वतःला शोकेसमध्ये बघून खूश होतील. आपलं दुकान वाचेल.”

“अगं, पण तो धड आहे.”

“धड आहे ना? मग त्याला बिघडवा!”

आयुष्यभर डाग काढलेल्या माणसाला डाग पाडायला सांगणं म्हणजे काय छळ असतो, ते मी टेबलावर पडल्या पडल्या पाहिलं. त्यानं बारीक कुंचल्यानं माझ्या कडेला एक ठिपका काढला, त्याला सावली दिली, मागे सरून पाहिलं आणि दुसऱ्या कडेला त्याच्याच जोडीचा ठिपका काढला.

“अहो, ही काय नक्षी काढताय?” भाचेसून म्हणाली. “डागासारखा डाग पाडा की!”

“मला जमत नाही गं. तूच कर.”

तिला जमलं. तिच्या डोळ्यांपुढे नुसती जाहिरात नाचत होती, माझ्या चेहऱ्याकडे तिनं पाहिलंच नाही. तिनं माझी घडी घातली, ती नेमकी डोळ्यांवरून. कोपरा फाडला. वरून चहाचा अख्खा कप उपडा केला, तो नेमका तोंडावर. मग मला कपाटाच्या पायाखाली घालून दोघांनी त्या कपाटावर जरा भार दिला. मी वाळल्यावर दोघंही माझ्याकडे कौतुकानं बघत राहिले.

“झकास!” भाचा म्हणाला. “आता तो धड असतानाचा स्कॅन काढ, म्हणजे तोच ‘नंतर’ म्हणून लावू.”

“मी कुठून काढू? स्कॅन तुम्ही केलात ना?”

“मी? मला वाटलं तू करतेयस. तू आत गेली होतीस ना?”

“मी चहा करायला गेले होते!”

“इतका वेळ?”

“ओतायचा म्हटलं तरी उकळायला नको?”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या कपाकडे. मला तर रडू आलं होतं, पण आधीच इतका डागाळलो होतो, की कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्यातलं ते हसू आता कुठेच नव्हतं. आणि ते होतं, हे त्या दोघांना ठाऊकसुद्धा नव्हतं.

भाचा कामाला लागला. घडी काढली, कोपरा जोडला. डोळे आणि तोंड मात्र नव्यानं करावं लागलं. त्याला जी आत्या ठाऊक होती, तीच त्यानं केली. ओठ मिटलेले, नजर सरळ, जणू समोरचा मुलगा गृहपाठ विसरलाय. गाल वर गेलेले पाहून तो थबकला. “तेव्हा दाढ सुजली असेल बिचारीची,” असं म्हणून त्यानं सूजही मोठ्या मायेनं उतरवली. काम इतकं बेमालूम झालं, की ‘नंतर’ बघून मीही क्षणभर सरळ बसलो.

आम्ही दोघं शोकेसमध्ये लागलो. लोक यायचे, ‘अरेरे’ म्हणायचे, मग ‘नंतर’कडे नजर जायची आणि चटकन पुढे सटकायचे. एका गृहस्थांनी तर चालता चालता शर्टाचं वरचं बटण लावलं. गिऱ्हाईक एकही नाही.

आणि आत्या आली. हातात छत्री, मागे हातात टेप घेतलेला शिंपी. ती शोकेससमोर उभी राहिली. आधी मला पाहिलं. चहाचा डाग पाहून तिची भुवई वर गेली. मग तिनं ‘नंतर’ पाहिला आणि बराच वेळ बघत राहिली.

“ही कोण बाई?”

“आत्या, तूच की,” भाचा म्हणाला.

“मी? मी अशी होते?”

“तू... तू नेहमीच अशी असतेस ना,” तो चाचरत म्हणाला.

छत्री टेकत ती आत येऊन खुर्चीवर बसली. मला वाटलं, आता दोघांना बाकावर उभं करते. पण ती रागावली नाही. तिचा चेहरा पडला होता आणि ते बघून माझं काळीज तुटलं.

“यात मी हसत होते रे,” ती हळूच म्हणाली. “आयुष्यात तेवढा एकच फोटो होता माझा हसताना.”

भाचेसुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं स्कॅनपासून चहापर्यंत सगळं भडाभडा सांगून टाकलं. भाच्यानं मान खाली घातली आणि मग धंदेवाईक माणसासारखं विचारलं, “आत्या, तोंड साधारण किती उघडं होतं?”

आत्यानं ‘आ’ केला.

“हे दाताच्या डॉक्टरकडे केल्यासारखं वाटतंय. जरा हस ना.”

आत्या हसली. शिंपी दोन पावलं मागे सरला.

“असं नाही जमायचं,” भाचेसून म्हणाली. “आत्या, तेव्हा झालं काय होतं?”

मग आत्यानं टोपाची गोष्ट सांगितली. ती सांगताना एकीकडे तिच्यातली मुख्याध्यापिका जागी झाली. तिनं लगेच सगळ्यांना कामं वाटली. भाच्याला काळ्या कापडात घातलं. टोप नव्हता, म्हणून त्याच्या डोक्यावर धूळ झटकायच्या झाडणीचा लोकरीचा गोंडा ठेवला. शिंप्याला वडील केलं. “तुम्ही नुसतं ‘गंभीर, अजून गंभीर’ म्हणा.” आणि स्वतः स्टुलावर ताठ बसली.

“गंभीर,” शिंपी म्हणाला. “अजून गंभीर.”

भाचा कापडातून बाहेर आला. गोंडा आत राहायला हवा होता, पण तो त्याच्या चष्म्यात अडकून नाकावर लोंबत आला. भाच्याला काही दिसेना. तो हात पुढे करून चाचपडत गेला आणि थेट शिंप्याच्या मिठीत शिरला. शिंपी अजूनही निष्ठेनं ‘गंभीर, गंभीर’ म्हणत होता.

आत्या हसली. स्टूल डगमगलं, छत्री पडली, वरची कवळी घसरली ती तिनं जिभेनं सावरली आणि पुन्हा हसली. तेच हसू. मला डोळे मिटता आले असते, तरी नुसत्या आवाजावरून ते ओळखलं असतं. भाचेसुनेनं मोबाइलवर फोटो काढला. रस्त्यावरची माणसं आत काय चाललंय ते बघायला काचेशी गोळा झाली.

भाच्यानं मग आत्याकडे निरखून पाहिलं. डाग नाही, ओरखडा नाही, नुसती आत्या. बहुधा पहिल्यांदाच. “तू अशी हसतेस होय!” एवढंच म्हणाला.

नवा ‘नंतर’ तयार झाला. विशीतल्या मुलीच्या चेहऱ्यावर म्हातारपणीचं हसू. इतकं चपखल बसलं, की जोड कुठे आहे ते मलाही दिसत नाही. आता लोक ‘अरेरे’ म्हणतात, मग ‘नंतर’ बघतात आणि उगाचच हसत आत येतात. शिंपी पहिला आला. टेप बाहेर ठेवून. त्याच्या आईचा फोटो होता, कसर लागलेला. “ही पण हसायची हो फार,” म्हणाला. भाचा आता प्रत्येकाला विचारतो, ‘घरात यांच्यासारखं कोण हसतं?’ आणि त्या माणसाला बोलावून घेतो. भाचेसुनेनं नवी पाटी लावलीय, ‘डाग आम्ही काढू. हसू घरून आणा.’

खोलीचं काय, असं शिंप्यानंच एकदा भीत भीत विचारलं. “आता कसली रिकामी करायची?” आत्या म्हणाली. “मी बसलेय ना तिथे शोकेसमध्ये.”

मी आता आणखी पिवळा पडत चाललोय. रोजच्या उन्हानं घडीजवळ चीर वाढतेय. माझी तक्रार नाही. तुम्हाला एवढीच विनंती, की तुमच्या खणातले जे फोटो धड आहेत, तेही कधीतरी काढून बघा. डाग पडायची वाट बघू नका. आणि चहा जरा लांब ठेवा.

आत्या रोज संध्याकाळी येते. लोक ‘नंतर’पुढे गर्दी करतात, ती माझ्यासमोर उभी राहते आणि चहाच्या त्या डागाकडे बघून हसते. ‘नंतर’चे दात एका ओळीत, सरळ आहेत, कवळीचे. डागाखाली एक दात वाकडा होता, हे जगात आता आम्हा दोघांनाच ठाऊक आहे.