भोंग्याची साक्ष

"हा आवाज म्हणायचा की मुंगीचा खोकला?" भोंगा ओरडला. लॅपटॉपच्या कडेला त्याने कान चिकटवला होता. "यापेक्षा माझे गुडघे जास्त वाजतात!"

"बाबा, फुल केलाय," सून म्हणाली. "याच्या पुढे कंपनीने सोय ठेवलेली नाही."

"कंपनीचं नाव काढू नकोस माझ्यासमोर."

गल्लीत सगळे त्याला भोंगाच म्हणत. त्याने पाणी मागितलं तरी शेजाऱ्यांना वाटे, भांडण पेटलं. पत्रे वाकवणाऱ्या कारखान्यात पॉवर प्रेसवर त्याचं उभं आयुष्य गेलं होतं. वरून घण येतो, पत्रा वाकतो, घण वर जातो. शेडमध्ये अशा प्रेसच्या रांगाच रांगा. आणि उद्या सकाळी सुनेच्या या लॅपटॉपवर बसून त्याला साक्ष द्यायची होती.

साक्ष डावऱ्यासाठी होती. डावऱ्या म्हणजे शेजारच्या प्रेसवरचा, मिसरूड फुटल्यापासूनचा सोबती. डावखुरा म्हणून डावऱ्या, आणि घणाखाली सापडला तोही नेमका डावाच हात. तीन बोटं गेली. कंपनी म्हणाली, घण पडायच्या आधी इशाऱ्याची घंटी वाजली होती, तरी याने हात आत घातला, म्हणजे चूक याचीच. वर कामावरून काढून टाकलं. डावऱ्या म्हणाला, घंटी वाजलीच नाही. त्या वेळी जवळ होता तो एकटा भोंगा. चौकशी करणारा साहेब दूरच्या शहरात, म्हणून सुनावणी पडद्यावर.

"साहेबाने विचारायचं एक आणि मी सांगायचं भलतंच," भोंगा खोलीत येरझारा घालत म्हणाला. "डावऱ्या उभ्या उभ्या मरेल."

"हेडफोन लावा ना."

"आणि तो काय माझ्या तोंडाकडे बघत बसेल? त्यालाही ऐकायचंय."

सुनेने लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवला. याचं तोंड पोटाखाली असतं, मऊ जागेवर आवाज गुदमरतो, ती म्हणाली. मग दात घासायच्या जुन्या ब्रशने जाळीतली धूळ झाडली. सेटिंगमध्ये घुसून आवाज वाढवायचं काहीतरी चालू केलं. भोंग्यानेही आपली अक्कल चालवून मागे स्टीलचं ताट उभं केलं, आवाज आपटून पुढे यावा म्हणून.

"आता झुरळ खोकतंय," तो म्हणाला.

"नवा स्पीकर आणू, पण आधी बिघाड कशात आहे ते बघू," सून म्हणाली. "एक चाचणी असते. आवाज जाड सुरू होतो आणि बारीक बारीक होत जातो. मध्येच तुटला तर समजायचं, स्पीकर गेला."

तिने बटण दाबलं. आधी घुमणारा, ट्रक उभा असल्यासारखा आवाज आला. मग तो चढला, सायकलच्या पंपासारखा झाला, आणखी चढला आणि विझला.

"तुटला!" भोंग्याने मांडीवर थाप मारली. "बघ, मी काय म्हणत होतो! भंगारात दे हा डबा."

सून पडद्याकडे बघत राहिली. तेवढ्यात आतून त्याची बायको धावत आली. हात पिठाने भरलेले, म्हणून दोन्ही कानांवर मनगटं दाबलेली.

"बंद करा ती शिट्टी! मेंदूत सुई घुसतेय नुसती!"

"कसली शिट्टी?" भोंगा हसला.

दुसरं कुणी हसलं नाही. सुनेने बटण दाबलं. बायकोची मनगटं खाली आली.

"परत लाव," भोंगा म्हणाला. आता तो लॅपटॉपकडे बघत नव्हता, बायकोकडे बघत होता. मनगटं वर गेली. "बंद कर." खाली आली. "लाव." वर.

"अहो, पुरे!" बायको म्हणाली. "मी काय कळसूत्री बाहुली आहे?"

भोंगा खुर्चीत बसला, उठला, पुन्हा बसला. घंटीचा आवाज कसा असतो ते तो आठवत होता. बारीक, चिरका, टोकदार. नवा लागला होता तेव्हा त्या आवाजाने दचकायचा. कधीपासून दचकायचा थांबला? शेडमध्ये कुणीच घंटी ऐकून काम करत नाही, हे त्याला माहीत होतं. घण निघाला की तळपायाला कळतं, जमीन सांगते. पण रांगेतल्या सगळ्या प्रेस एकदम चालू असल्या की जमीनही खोटं बोलते. त्या दिवशी सगळ्या चालू होत्या.

मग घंटी वाजली नव्हती की त्याला ऐकू आली नव्हती?

खिशातून पाकीट गेलं तर माणूस बोंब मारतो. कान असे रोज थोडे थोडे नेले जातात की चोरी झाल्याचं कळतही नाही. उलट लोक तुम्हाला भोंगा म्हणतात, आणि तुम्हीही हसता.

संध्याकाळी डावऱ्या आला. गुंडाळलेला हात पोटाशी धरलेला, तोंडाला कुलूप नाही. "पाठ झालं का रे? घंटी वाजली नाही. तीन शब्द आहेत, पोपटालाही येतील."

"बस. एक गाणं ऐकवतो," भोंगा म्हणाला आणि सुनेला खूण केली.

डावऱ्या मान पुढे काढून वाट बघत राहिला. मागे भोंग्याची बायको कानात बोटं घालून उभी होती.

"लाव की," डावऱ्या म्हणाला. "मुहूर्त बघतोयस काय?"

सुनेने बटण कधीच दाबलं होतं. डावऱ्याने मागे वळून त्या बोटांकडे पाहिलं. मग भोंग्याकडे. त्याला कळायला वेळ लागला नाही. तो मुळात हुशारच.

"हे उद्या बोलायचं नाही," तो खालच्या आवाजात म्हणाला, म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.

"पण वाजली असेल तर?"

"असेल तर असेल! तू कोण, हरिश्चंद्र? अरे, ऐकू येत नाही म्हणालास की तुझी साक्ष रद्दी. आणि वर तुलाही हाकलतील. बहिऱ्याला प्रेसवर कोण उभं करतो?"

"आजवर करतच होते की."

"तोंड चालवू नकोस. तीन शब्द."

भोंग्याला झोप लागली नाही. सकाळी चहा दोनदा गार झाला. सुनावणीच्या आधीच तो इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसला. आवाज वाढवायचं बटण दाबत राहिला, फुल असूनही. डावऱ्या शेजारी. सून मागे उभी, यंत्र अडलं तर सावरायला. पडद्यावर तीन चौकोन: चौकशीचा साहेब, कंपनीचा वकील आणि कोपऱ्यात ही मंडळी स्वतः.

साहेबाचा आवाज जाड होता, तो कळत होता. वकिलाचा पातळ. त्याचे ओठ बघून भोंगा निम्मं ओळखत होता, निम्मं सून मागून सांगत होती.

"घंटी वाजली का, त्या वेळी?" साहेबाने विचारलं.

टेबलाखाली डावऱ्याने त्याच्या पायावर पाय ठेवला.

"साहेब, मला घंटी..." भोंगा अडखळला.

वकिलाने हात वर केला. काहीतरी बोलला. सून म्हणाली, "ते म्हणतायत, आधी घंटीचा आवाज ऐकवतो. तुमच्याच शेडमधला, रेकॉर्ड केलेला. मग सांगा म्हणतायत, एवढा मोठा आवाज तुम्हाला आला नाही का."

वकिलाने मोबाइल माइकजवळ धरला. भोंगा पुढे झुकला. डावऱ्याही. दोघं वाट बघत राहिले.

आणि कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात भोंग्याला दिसलं: त्याच्या खांद्यामागे सुनेचा चेहरा आक्रसला होता आणि हात कानांवर गेले होते.

म्हणजे वाजत होती. आत्ता, या क्षणी, नाकासमोर.

डावऱ्याचा पाय जोरात दाबला गेला. भोंग्याने आपला पाय काढून घेतला.

"वाजतेय साहेब," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाहीये. माझ्या सुनेने कान झाकलेत म्हणून कळलं. याला विचारा. यालाही येत नाहीये."

वकिलाचे ओठ भराभर हलू लागले.

"काय म्हणतोय?"

"म्हणतायत, कानात घालायचे बोळे कंपनीने पुरवले होते."

"पुरवले होते! तपासणीचा साहेब आला की डबा यायचा, साहेबाची गाडी वळली की डबाही वळायचा. त्या दिवशी घंटी वाजली की नाही, मला माहीत नाही. वाजली असेल. पण कुणासाठी वाजवता ती? आधी आमचे कान खायचे, मग आमच्याच डोक्यावर घंटी टांगायची, आणि बोटं तुटली की म्हणायचं, वाजवली होती!"

साहेबाने हात वर केला. त्याचा आवाज जाड असल्याने नीट ऐकू आला. "जरा आवाज कमी करा."

"तो कमी होत नाही साहेब! तेच तर सांगतोय!"

साहेब खाली मान घालून काहीतरी लिहीत राहिला. मग मान वर न करताच वकिलाला हळू काहीतरी बोलला, आणि वकिलाचा चेहरा पडला.

"काय? काय म्हणाला?"

सून म्हणाली, "पुढच्या तारखेला शेडमधल्या सगळ्यांना बसवायला सांगितलंय. एकेकाच्या मागून हीच घंटी वाजवणार. आणि ऐकतो कोण ते बघणार."

पडदा काळा झाला. डावऱ्या आपल्या गुंडाळलेल्या हाताकडे बघत बसला होता.

"माझी नोकरी मिळते की जाते?" त्याने विचारलं.

"तुझं त्या तारखेला कळेल. माझी मात्र आज गेली."

"गाढव आहेस."

"मोठ्याने बोल," भोंगा म्हणाला आणि बंद पडलेल्या लॅपटॉपवर पुन्हा आवाजाचं बटण दाबू लागला.