वजनाचा करडा रकाना

मित्रांनो, फॉर्म भरताना तुमचे लक्ष पांढऱ्या रकान्यांकडे जाते. करड्या रकान्याकडे कुणी बघत नाही, कारण तो आधीच भरलेला असतो. मी तसाच एक जुना करडा रकाना होतो. मुलांच्या दवाखान्यात तपासणीच्या खोलीत एक संगणक आहे. त्यावर औषधाच्या चिठ्ठीचा फॉर्म आहे आणि त्या फॉर्मवर, 'वजन' या शब्दाच्या शेजारी, मी राहतो.

मला एका प्रोग्रामर बाईंनी घडवले. आधी त्यांनी नोंदणीचा मोठा तक्ता केला. प्रत्येक मुलाची एक ओळ. त्या ओळीत कार्डाचा क्रमांक, नाव, जन्मतारीख, वजन आणि कोणत्या औषधाचे वावडे आहे ते. मग चिठ्ठीवर मला बसवले. सिस्टरांनी क्रमांक टाकला की मी तक्त्याकडे धावायचो, त्या ओळीतले वजन उचलायचो आणि पापणी लवायच्या आत परत यायचो. माझ्या आकड्यावरून खालचा रकाना औषधाची मात्रा काढायचा. चुकून कुणाचा हात लागू नये म्हणून बाईंनी मला कुलूप घातले.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले.

"बरं झालं, एक लिहिणं वाचलं," सिस्टर म्हणाल्या.

"आणि माझं वाचणं सोपं झालं," औषधाच्या खिडकीवरचे काका म्हणाले. "तुमचा एक की सात, हे ओळखण्यात माझे केस गेले."

"ते आधीच गेले होते, काका."

पण मित्रांनो, मुले वाढतात. इतकी साधी गोष्ट मला घडवताना कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. तक्त्यात वजन होते ते मूल पहिल्यांदा दवाखान्यात आले त्या दिवसाचे. सहा महिन्यांचे बाळ दोन वर्षांचे होऊन आले, तरी मी आपला सात किलो घेऊन हजर.

"सात?" एक आई म्हणाली. "अहो, हिला कडेवर घेऊन माझी कंबर मोडली."

समोर वजनकाट्यावर ते मूल उभे असायचे, काटा साडेअकरा दाखवायचा. सिस्टर माझ्यावर साडेअकरा लिहू बघायच्या. मी ढिम्म. त्या पुन्हा लिहायच्या, मग बटणे जोरात आपटायच्या. मला खोटे बोलायची हौस नव्हती हो. पण तोंडात कोंबलेला आकडा मला थुंकताही येत नव्हता. माझ्यावर विसंबून खालचा रकाना लहान बाळाची मात्रा काढायचा आणि डॉक्टरांना ती दर वेळी पेनाने खोडावी लागायची.

सिस्टरांनी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिले. उत्तर आले, 'आपली मागणी नोंदवली आहे.' दुसरे पत्र गेले, तिसरे गेले. मागणी तिन्ही वेळा नोंदवली गेली.

तक्त्यातली जुनी ओळही सिस्टरांना बदलता येत नव्हती, म्हणून शेवटी त्यांनीच एक वाट शोधली. जुन्या मुलाची नव्याने नोंदणी करायची. नवे कार्ड, नवा क्रमांक, तक्त्यात नवी ओळ आणि तिच्यात आजचे वजन. मग मी बिनचूक आकडा आणायचो. या युक्तीला त्या 'कार्ड ताजं करणं' म्हणत. "चला, आधी कार्ड ताजं करून घ्या," हे त्या खोलीतले रोजचे वाक्य झाले. वर्षभरात एकेका मुलाची तीन-तीन, चार-चार कार्डे झाली. आया ती रबरबँड लावून पिशवीत ठेवू लागल्या.

नव्या ओळीत वजन ताजे असायचे, पण वावड्याचा रकाना कोरा असायचा. सिस्टर आठवणीने जुन्या ओळीतून ते उतरवून घ्यायच्या. एका सोमवारी मात्र बाहेर साठ मुले होती, आणि ठमी आली.

ठमी सहा वर्षांची. कान दुखतो म्हणून तिला आत्या घेऊन आली होती, कारण आई कामावर गेली होती. सिस्टरांनी कार्ड ताजे केले. वजन सतरा किलो. वावडे कोरेच राहिले. डॉक्टरांनी कोरा रकाना पाहिला, आत्याला विचारले, तिने "नाही हो, तसं काही नाही" म्हटले आणि त्यांनी औषध लिहिले. मी सतरा आणले. मात्रा अगदी बरोबर निघाली.

खिडकीवर काकांनी बाटली पुढे केली.

"मला गुलाबी नाही चालत," ठमी म्हणाली.

"नाटकं करू नकोस," आत्या म्हणाली. "हिला कडू नको, गुलाबी नको. साखरेची पुडी द्या हिला, काका."

"त्यानं माझे ओठ फुगले होते. श्वास पण येत नव्हता."

काकांनी बाटली मागे घेतली. "वहिनी, जुनी कार्डं आहेत का हो पिशवीत?"

चार होती. काका ती घेऊन आमच्या खोलीत आले आणि सिस्टरांनी सगळ्यात जुना क्रमांक टाकला. मी बारा किलो आणले. त्या ओळीत, माझ्या शेजारी, त्याच औषधाचे नाव वावडे म्हणून लिहिलेले होते.

सिस्टरांनी ते आजच्या ओळीत उतरवले. डॉक्टरांनी औषध बदलून दिले. ठमी घरी गेली. मग सिस्टरांनी प्रोग्रामर बाईंना फोन लावला.

"तो रकाना उघडा का करत नाही तुम्ही?"

"उघडा केला तर तुम्ही लिहिलेलं वजन तक्त्यात जाईल," बाई म्हणाल्या. "मग मागच्या वर्षीच्या चिठ्ठीवरही आजचंच वजन दिसेल."

"तक्त्यात कशाला पाठवता? तिथून आणा, पण चिठ्ठीवरच ठेवा आणि आम्हाला बदलू द्या. ज्या दिवशीची चिठ्ठी, त्या दिवशीचं वजन. आम्ही कागदावर तेच करायचो."

बाई म्हणाल्या, "हे मला आधी कुणी सांगितलं नाही."

"तीन पत्रांत सांगितलंय. काका, आहेत ना नकला?"

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः आल्या. तासभर स्टुलावर बसून त्यांनी मुलांची वजने होताना पाहिली. मग माझे कुलूप काढले. त्याला वीस मिनिटे लागली. तीन वर्षे मी ज्यासाठी झुरलो, ते वीस मिनिटांचे काम होते. याचा राग मला अजून येतो.

आता मी पांढरा आहे. आता मी तक्त्याऐवजी मागच्या चिठ्ठीवरचे वजन धावत आणतो, त्याच्याखाली तारीख दाखवतो आणि थांबतो. सिस्टर त्यावर आजचे वजन लिहितात. ते त्या चिठ्ठीपुरते राहते आणि जुन्या चिठ्ठ्यांना धक्का लागत नाही.

पण ताज्या केलेल्या कार्डांचा गुंता सुटलेला नाही. सिस्टर आणि काका रोज थोड्या थोड्या ओळी जुळवतात. घाईत नाव किंवा जन्मतारीख चुकीची पडल्याने दोनशेहून अधिक ओळी कोणत्या मुलाच्या, ते कळत नाही. त्यांतल्या काही ओळींत वावड्याची नोंद आहे आणि ते मूल कुठेतरी कोऱ्या कार्डावर हिंडते आहे.

म्हणून मित्रांनो, दवाखान्यात याल तेव्हा घरातली सगळी कार्डे घेऊन या. फाटलेली असली तरी आणा. आणि एखादे औषध तुम्हाला चालत नसेल, तर माझ्यावर किंवा माझ्या शेजाऱ्यांवर विसंबू नका. स्वतः सांगा. मोठी माणसे नाटक म्हणाली, तर पुन्हा सांगा.