दसऱ्याला ओढलेले हुक

राजेंद्रशेठच्या बदलापूरच्या कारखान्यात सुरक्षिततेला कसली म्हणजे कसली कमी नव्हती. गेटवर हातभर अक्षरांत 'सुरक्षा प्रथम', त्याखाली शेठचा हेल्मेट घातलेला फोटो, आणि ऑफिसच्या कपाटात पाहुण्यांसाठी सहा कोरी करकरीत हेल्मेटं, कुलूप लावून. कामगारांना हेल्मेट मागायची सवय नव्हती आणि शेठला द्यायची.

इथे लष्कराच्या ट्रकांची इंजिनं उचलायचे हुक बनत. नियम शेंबड्या पोरालाही कळेल असा होता. प्रत्येक हुक मशीनवर दुप्पट वजनाने ओढून पाहायचा, आणि टिकला तरच रिपोर्टवर सही करायची. हुकाला इंजिन टांगलेलं असतं आणि त्याच्या आसपास माणूस काम करत असतो, म्हणून हा नियम. शेठच्या लेखी मात्र नियम म्हणजे सासूबाई. समोर असेपर्यंत डोक्यावर पदर, पाठ फिरली की आपलं राज्य.

गेल्या महिन्यात लष्कराच्या एका डेपोत यांचा हुक उघडला, इंजिन खाली आलं आणि मेकॅनिकचा एक पाय गुडघ्याखालून गेला. त्या हुकाच्या रिपोर्टवर सही होती संजीवनीची. चौकशीला आज तपासणी खात्याच्या माधवी मॅडम आल्या होत्या, आणि शेठच्या केबिनमध्ये संजीवनी त्यांच्यासमोर उभी होती. तिला बसायला कोणी सांगितलं नव्हतं.

संजीवनी उल्हासनगर कॅम्प पाचची. सात वर्षं हुक ओढून पाहायचं काम तिचंच. आणि सहीही तिचीच होती, हेच तर दुखणं होतं. दसऱ्याच्या दोन दिवस आधी ती आईला घेऊन नागपूरला, दीक्षाभूमीला निघाली, तेव्हा मॅनेजर नरेंद्र कागदांचा गठ्ठा घेऊन आडवा आला. "ताई, तुम्ही नाही म्हणून माल अडकायला नको. खाली फक्त सही मारून ठेवा. टेस्टिंग आपण करतोच ना!" गाडीची वेळ होत आली होती. तिने अकरा कोऱ्या रिपोर्टांवर सह्या मारल्या आणि पळाली. तिचा बाप आनंदा जन्मभर अंबरनाथला फिटर होता. तो म्हणायचा, सही म्हणजे आपण तिथं होतो. ती तर नागपुरात होती.

अकरातला एक रिपोर्ट आता मॅडमच्या हातात होता; त्यावर मागून भरलेली तारीख संजीवनीला उभ्या जागेवरून दिसत होती. उरलेले दहा कुठल्या मालाबरोबर कुठे गेले, तिला ठाऊक नव्हतं. महिनाभर तिला जेवण गोड लागलं नव्हतं.

"मॅडम, आमची सिस्टीम एकदम परफेक्ट," शेठ सांगत होते. "आता बाईमाणूस, घरचं टेन्शन, वरून मोबाईल. टेस्टिंगच्या वेळी लक्ष नसणार. आम्ही काढतोय ना यांना, आजच काढतो." नरेंद्रने नंदीबैलासारखी मान हलवली.

संजीवनीच्या कानशिलांपर्यंत संताप चढला. चूक तिची होती, पण ही नव्हती. तेवढ्यात तिची नजर शेठच्या डोक्यावरच्या मोठ्या फ्रेमकडे गेली.

"शेठ, मॅडमना दसऱ्याच्या पूजेचं सांगा ना," ती म्हणाली. "फोटो किती छान आलाय."

शेठ लगेच फुलले. देवाचा विषय निघाला की त्यांना वेळकाळाचं भान राहत नसे. फोटोत ते पीतांबर नेसून नारळ फोडत होते, समोर हुक ओढायचं मशीन झेंडूखाली बुडालेलं, आणि तळाला सोनेरी अक्षरांत 'दसरा, १२ ऑक्टोबर २०२४'.

"आमच्याकडे कडक आहे हां मॅडम. आदल्या दिवशी मशीन धुऊन पुसून ठेवायचं. दसऱ्याला बटणाला हात लावायची कोणाची टाप नाही. बावीस वर्षांत एकदा पण नाही!"

"एकही हुक ओढला नाही त्या दिवशी?" संजीवनीने विचारलं.

"हुक? अगं, पाप लागेल!"

"मॅडम, रिपोर्टवरची तारीख बघता का?"

मॅडमनी चष्मा सारखा केला. बारा ऑक्टोबर. चाळीस हुक, चाळीसही पास. त्यांनी एकदा कागद पाहिला, एकदा भिंत पाहिली. बावीस वर्षांत शेठ एकदाच खरं बोलले, आणि तेच अंगाशी आलं.

"म्हणजे चाचणी झालीच नाही," मॅडम म्हणाल्या. "मग ही सही? बनावट?"

शेठना बुडताना काडी सापडली. "नरेंद्र! तू ताईंची सही केलीस?" घटकाभरापूर्वीची बाईमाणूस आता ताई झाली होती. नरेंद्र घाम पुसत राहिला. कोऱ्या कागदांचं तोंडातून काढलं तर स्वतःच्याच पायावर धोंडा, त्याला चांगलं कळत होतं.

संजीवनीने नुसतं 'हो, बनावट' म्हटलं असतं की झालं. नोकरी राहिली असती, वर शाबासकी. ते चाळीस हुक परत आले असते आणि प्रकरण मिटलं असतं. बाकीचे दहा रिपोर्ट मात्र तिच्या सहीनिशी कुठेतरी फायलीत पडून राहिले असते, त्यांचे हुक कुठल्या तरी डेपोत इंजिनं उचलत राहिले असते. तिला शेठची किळस आली, आणि पाठोपाठ स्वतःची. या माणसाने निदान देवाला भिऊन मशीन बंद ठेवलं. तिने तर कोणालाच न भिता, न बघता पास केलं होतं.

"सही माझी आहे, मॅडम. कोऱ्या रिपोर्टवर केलेली. असे अकरा दिले होते मी."

मॅडमचं पेन थांबलं. "अकरा? यात तुमची नोकरी जाईल, कळतंय ना?"

"कळतंय."

"शी!" शेठ कडाडले. "शिकल्यासवरल्या बाईने कोऱ्या कागदावर सही करायची? लाज वाटली नाही?"

"वाटली, शेठ. म्हणून तर सांगितलं."

मॅडमनी तिथूनच आपल्या ऑफिसला फोन लावला आणि सगळ्या डेपोंना कळवायला सांगितलं. या कारखान्याचा एकही हुक पुढचा हुकूम येईपर्यंत वापरायचा नाही, असलेले उतरवून ठेवा. मग त्यांनी नवा कागद ओढला. "त्या दहा रिपोर्टांच्या तारखा सांगा."

संजीवनीने शेठकडे पाहिलं, नरेंद्रकडे पाहिलं. दोघेही टेबलाच्या काचेत काहीतरी शोधत होते.

"तारखा यांना विचारा, मॅडम," ती म्हणाली. "माझी फक्त सही आहे."