अर्धा किलो माती

मुलांनो, जरा डोळे मिटा. कल्पना करा, तुम्ही एका लाकडी बाकावर बसला आहात. मे महिना संपत आला आहे. डोक्यावर पंखा फिरतो आहे, पण त्याचा वारा तुमच्यापर्यंत पोचत नाही. तुमच्या मांडीवर कापडाची एक पिशवी आहे आणि तिच्यात अर्धा किलो माती. फार जड नाही. पण शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईचं सगळं रान त्या पिशवीत आहे, म्हणून तुम्ही ती दोन्ही हातांनी धरून ठेवली आहे.

त्या बाईचं नाव चतुराबाई. पिशवी धरून बसलेली दहा वर्षांची मुलगी म्हणजे तिची नात, तनुजा. दोघी संभाजीनगरातल्या माती तपासायच्या प्रयोगशाळेत सकाळपासून नंबर लावून बसल्या होत्या.

"आजे, पाय दुखतेत का?"

"दुखायचेच. हायेत म्हणून दुखतेत." चतुराबाईनं चपला काढून पाय थंड फरशीवर टेकवले होते. "नसते तर त्यांची काळजी तरी मिटली असती."

करमाडच्या पलीकडे चतुराबाईचं दीड एकर रान होतं. तीन वर्षांपूर्वी तिनं ही माती पहिल्यांदा तपासून घेतली, तेव्हा सेंद्रिय कर्ब पॉइंट तीन टक्के निघाला. कर्ब म्हणजे काय? पानं, मुळ्या, शेण मातीत कुजून जे उरतं ते. गांडुळांचं आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचं ते जेवण. तिच्या रानात ते जेवण जवळजवळ संपलं होतं.

मग तिनं कपाशीच्या वाळक्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, जाळणं बंद केलं. ताग पेरून फुलायच्या आत रानात गाडला. खडी क्रशरवर दगड फोडताना जी काळी भुकटी उरते ती आणून शेणखतात मुरवली आणि घमेल्याघमेल्यानं रानभर पसरली. लोक बांधावर उभे राहून हसले. "चतुराबाई औंदा दगड पेरती! उगवला का एखादा?" तनुजानंही एकदा विचारलं होतं, मातीला दगड कशाला? तेव्हा चतुराबाई म्हणाली, "ही काळी माती याच दगडाची झाली, बाई. झिजून झिजून. दगड म्हंजी मातीची आजी. म्हातारीपाशी काही ना काही शिल्लक असतंच."

मातीची आजी शिल्लक होती, पण चतुराबाईचे गुडघे संपत आले होते. मागच्या दिवाळीत ती भरल्या घमेल्यासकट सरीत पडली. तिचा मुलगा सुदर्शन कंपनीत कामाला, राहायला मुकुंदवाडीला. तो त्या दिवशी धावत आला आणि आईच्या पायाला तेल लावता लावता म्हणाला, "आये, तीन वर्षं तुझं ऐकलं. या बारीला कर्ब पॉइंट पाच आला तर रान तुझं, मी गडी लावून देतो. नाय आला तर फकिराला बटईनं, वाट्यानं कसायला देऊ. तू आमच्याकडं चल."

फकिराचं रान शेजारीच होतं. पऱ्हाटी पेटवायची आणि वर खताच्या गोण्या रिचवायच्या, एवढीच त्याची शेती. त्याच्या हाती रान गेलं तर तीन वर्षांचं काम एका हंगामात धुऊन निघणार होतं. हे चतुराबाईला ठाऊक होतं आणि सुट्टीला आलेल्या तनुजालाही.

आता मातीचा नमुना कसा घेतात ते ऐका, पुढं उपयोगी पडेल. रानात नागमोडी चालत दहा जागा निवडायच्या. प्रत्येक जागेवरचा पालापाचोळा बाजूला सारून वीतभर खोल, वर रुंद आणि खाली निमुळता खड्डा करायचा आणि त्याच्या कडेची माती खरवडून घ्यायची. सगळी एकत्र करून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे. अर्धा किलो उरेपर्यंत असंच करत राहायचं. झाडाखालची, उकिरड्याजवळची, जनावरं बसतात तिथली माती कधीच घ्यायची नाही. चतुराबाईनं मंगळवारी नातीला हे सगळं करून दाखवलं होतं आणि नमुना सावलीत वाळत घातला होता.

"चतुराबाई कोण?"

टेबलापलीकडच्या रामप्रसादनं पिशवी घेतली आणि माती जुन्या वर्तमानपत्रावर ओतली. एकवीस वर्षं तो तिथं माती कुटायचं आणि चाळायचं काम करत होता. लाकडी दस्त्यानं त्यानं दोन ढेकळं फोडली, मूठभर माती चाळली आणि थांबला.

"मावशी, रानात मेंढरं कुणाची बसवली व्हती?"

"मुंजाबा धनगराची. खतासाठी, मागच्या हप्त्यात. तुमाला कसं ठाव?"

रामप्रसादनं चाळणीतून चिमटीत काहीतरी उचललं. काळ्या लोकरीचा एक केस होता.

"मी बी मेंढक्याच्याच घरचा हाय. अर्धं बालपण मेंढरात झोपलोय, हा वास मला झोपीत बी कळतो." त्यानं आवाज खाली आणला. "ही दहा जागची माती नाय, मावशी. मेंढरं जिथं मुक्कामाला बसली तिथलीच हाय."

"मी सोता दहा खड्डे..." म्हणता म्हणता चतुराबाईनं शेजारी पाहिलं. तनुजा रिकाम्या पिशवीची घडी घालत होती. आधी दोन, मग चार, मग आठ. तिच्या नखांमध्ये काळी माती अडकली होती.

रामप्रसादनं मुलीकडं पाहिलं, मग म्हातारीकडं. "मी काय, यील ती माती तपासतो. लेंड्यांच्या खतानं आकडा लई चांगला यील. लावू का नंबर?"

"आन् दहा जागची आनली तर?"

"आधी किती व्हता?"

"तीन."

"मग चार धरा. मातीची चाल मुंगीची हाय, मावशी."

"लेकाला पाच पायजे."

दस्त्याला लागलेली माती रामप्रसाद बोटानं पुसत राहिला.

मुलांनो, इथं थोडं थांबा. तुम्ही चतुराबाईच्या जागी असता तर काय केलं असतं? लगेच सांगू नका. तिनंही लगेच सांगितलं नाही. तिच्यासमोर परतीची एसटी होती, फाट्यापासूनची उन्हातली वाट होती, पुन्हा दहा वेळा वाकणं आणि दहा वेळा गुडघ्यावर हात ठेवून उठणं होतं. आणि इकडं फक्त एक 'लावा' म्हणायचं होतं.

"बांधून द्या माती," शेवटी ती म्हणाली. "मेंढरं बसली एका कोपऱ्यात. बाकीच्या रानात घमेले मी वाहिले, दादा. त्याचं काय झालं ते मलाच बघायचंय. ह्या मातीनं मला ते कसं कळंल?"

"उद्या आना. सोमवारी कागद देतो," रामप्रसाद म्हणाला. माती पिशवीत भरताना त्यानं वर्तमानपत्राची घडी झटकून शेवटचा कणही आत टाकला.

दारातच सुदर्शनचा फोन आला. "आये, दिली का माती?"

"उद्या देते."

"आता उद्या कामून? आइतवारी फकिराला शब्द द्यायचाय मला."

"सोमवारपस्तोर थांब म्हन त्याला. दुसऱ्याचं रान पेटवायची एवढी काय घाई हाय?"

पलीकडून सुदर्शनचा उसासा ऐकू आला. "थांबतो. पन पाच आला नाय तर मग मला काही म्हनू नको."

"नाय म्हननार."

फोन बंद झाला तशी तनुजा रडायलाच लागली. "मी लेंड्या सगळ्या वेचल्या होत्या गं. एकसुद्धा ठेवली नव्हती."

"व्हय. केस ऱ्हायला." चतुराबाई थकल्या चेहऱ्यानं हसली. "मेंढराचं असंच ऱ्हातं, बाई. उठून गेलं तरी मागं काहीतरी सोडून जातं. तरी मी म्हनते, दोन दिसांत माती एवढी काळी कशी झाली!"

"तू रागावली का?"

"रागवायला ताकद लागती. गुलमंडीला जायचं का? फ्रॉकचं कापड घ्यायचं म्हनत व्हतीस."

"नको."

एसटीत चतुराबाईला खिडकीजवळ जागा मिळाली. मुकुंदवाडी आली तेव्हा ती म्हणाली, "उतर तू. मायला म्हन, आजीनं धाडलं. माझं मी बघते उद्या." तनुजा हलली नाही. कंडक्टरनं घंटी दिली, गाडी पुढं निघाली. तनुजानं पिशवी मांडीवर घेतली आणि सकाळसारखीच दोन्ही हातांनी धरली.

घरी पोचायला चार वाजले. चतुराबाई तांब्याभर पाणी प्यायली आणि उंबऱ्याजवळच्या गारव्याला आडवी झाली. "जरा पाठ टेकते. मग जाऊ दोघी." एवढं म्हणेपर्यंत तिचे डोळे मिटले. झोपेतही तिचा एक हात गुडघ्यावरच होता.

तनुजानं तिच्या पायाशी पडलेल्या चपला सरळ करून ठेवल्या. मग खुरपं, पिशवी आणि रिकामं घमेलं घेऊन ती रानाकडं निघाली.

आधी ती मेंढ्या बसलेल्या कोपऱ्यात गेली. पिशवीतली माती जिथून घेतली होती तिथं ओतली आणि हातानं सारखी केली. तिथून नागमोडी चालायला सुरुवात केली असती तरी चाललं असतं, पण ती सरळ खालच्या अंगाला उतरली. ओढ्याकाठी रानाचा एक तुकडा पांढुरका होता. तिथं कपाशी कधी गुडघ्याच्या वर जात नसे. मंगळवारी आजीनं तिथलीही माती घेतली होती. तनुजानं तो सगळा नमुना उकिरड्यावर फेकून कोपऱ्यातली माती पिशवीत भरली होती.

त्या तुकड्यावर ती गुडघे टेकून बसली. पालापाचोळा बाजूला सारला. आजीनं दाखवला होता तसाच, वीतभर खोल, वर रुंद आणि खाली निमुळता खड्डा केला. कडेची माती खरवडून घमेल्यात टाकली आणि स्वतःशीच म्हणाली, "एक."