अठ्ठ्याहत्तर पत्ते आणि एक बाण

शिंपी छत्री विसरून भाचीच्या खोलीतून पळाला, त्या दिवशी नवे पत्ते काढायचं ठरलं.

भाची टॅरोचे पत्ते वाचते. चष्म्याच्या दुकानामागे तिची एक खोली आहे. दोन खुर्च्या, मध्ये गोल टेबल, आणि भिंतीवर दुकानदाराने जागा नाही म्हणून इकडे टांगलेला, वरून खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. माणूस येतो, प्रश्न सांगतो, पत्ता ओढतो, आणि पत्त्यावरच्या चित्रात काय दिसतं यावर दोघं तासभर बोलतात. शिंप्याचा प्रश्न साधा होता : दुकान रस्त्याच्या पलीकडे न्यावं का? त्याने पत्ता ओढला आणि निघाला मृत्यू. घोड्यावर बसलेला सांगाडा. "याचा अर्थ फक्त बदल," असं भाचीने लगेच सांगितलं, पण ते तिला शिंप्याच्या पाठीला सांगावं लागलं.

"चित्रच असलं, तर अर्थ ऐकायला थांबणार कोण?" ती मामांच्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाली. "मामा, तू मला नवे काढून दे. माणसं घाबरणार नाहीत असे."

मामांच्या चित्रांना कोणी घाबरल्याची नोंद नाही. एकतीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात माहितीपत्रकांची चित्रं काढली. मिक्सर, पंप, गिझर यांच्या खोक्यात तळाशी घडी घातलेला जो कागद असतो आणि यंत्र बिघडेपर्यंत जो कोणी उघडत नाही, त्यातली. या कलेत नाव होत नाही. चित्र चांगलं निघालं तर माणूस स्क्रू बघतो आणि चित्रकाराला विसरतो. वाईट निघालं तर चित्रकाराची आठवण काढतो, पण ती चारचौघांत सांगण्यासारखी नसते.

कामाचे नियम दोन. पहिला, चेहरा काढायचा नाही. चेहरा दिसला की गिऱ्हाईक चेहऱ्याकडे बघत बसतं आणि स्क्रू राहून जातो. म्हणून नुसते हात. दुसरा, एका चित्राचा एकच अर्थ. कुठे फिरवायचं, कुठे दाबायचं, ते बाण काढून सांगायचं आणि खाली एक ओळ लिहायची. "चित्राचे दोन अर्थ निघाले," मामा म्हणत, "की गिझर फुटतो."

आणि ते हात मामींचे होते. सगळे. मामा संध्याकाळी सुटं यंत्र घरी आणत, मामी झाकण धरत, बटण दाबत, वायर ओढत, आणि मामा काढत. अर्ध्या गावाच्या कपाटांत मामींचे हात घडी घालून ठेवलेले आहेत. कोणाकडे गेल्या आणि ओट्यावर तो कागद दिसला की त्या बोट ठेवून म्हणत, "हा माझा अंगठा." पुढे हेही जोडत, "लग्नात यांच्या हातात हात दिला, तेव्हापासून यांनी वर बघितलेलं नाही."

त्यातल्या उजव्या हाताची दोन बोटं गेल्या वर्षापासून आत वळली होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं. सांधे सुजलेले, सकाळी बटणं लागत नसत. हाताच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं : आता शस्त्रक्रिया केलीत तर बोटं सरळ होतील, अजून सहा महिने घालवलेत तर मीही काही सांगू शकणार नाही. तारीख दोनदा ठरली. एकदा मामींना सर्दी झाली. दुसऱ्यांदा सर्दी झाली नाही, तर पडदे धुवायला निघाले.

"आत्ता निदान तीन बोटं माझं ऐकतात," त्या म्हणत. "ती पण रुसली तर?"

 मामांना बोलून समजावता येत नसे; बोलता येत असतं तर ते विक्री विभागात गेले असते. त्यामुळे भाचीने पत्ते काढायला सांगितले, तेव्हा मामांच्या मनात कपट शिरलं. आयुष्यातलं पहिलंच असल्यामुळे ते जरा ओबडधोबड होतं.

भाचीने जुन्या पत्त्यांची यादी आणि वर्णनं लिहून दिली. मामांनी ती एखाद्या नव्या मॉडेलची कागदपत्रं वाचावीत तशी वाचली आणि कामाला लागले.

मूर्ख नावाच्या पत्त्यावर मूळचा एक तरुण कड्याच्या टोकावर आभाळाकडे बघत चाललेला असतो, पायाशी कुत्रा. मामांनी स्टुलाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभे असलेले दोन पाय काढले, बल्बकडे गेलेला हात काढला आणि मागे चालू असलेला मेन स्विच. कुत्रा तेवढा तसाच ठेवला. कुत्र्याच्या चेहऱ्याला कारखान्याची कधीच हरकत नव्हती. एका पायाने उलटा लटकलेला माणूस असतो, त्याच्या जागी धुऊन उपडा ठेवलेला पेला आला : "पूर्ण निथळेपर्यंत थांबा." वीज पडून कोसळणारा मनोरा म्हणजे एकावर एक सात डबे, आणि सगळ्यात खालच्या डब्याला घातलेला हात. चंद्र हा फसवा पत्ता समजतात, मामांनी गिझरचा लाल दिवा काढला आणि लिहिलं, "दिवा लागला म्हणजे पाणी तापलं असे नव्हे." नाण्यांच्या जागी वायसर आले, तलवारींच्या जागी सुऱ्या. दहा तलवारींचा पत्ता फार वाईट असतो, दहाही एका माणसाच्या पाठीत खुपसलेल्या. मामांनी दहा सुऱ्या लाकडी स्टँडमध्ये खोचल्या. सुऱ्यांची जागा तीच असते.

मृत्यूच्या पत्त्यावर भिंतीतून काढून ठेवलेला प्लग होता. हात नुकताच बाजूला होत असलेला. खाली तीन सूचना : "बंद करा. दुरुस्त करून घ्या. पुन्हा लावा."

भाची त्या पत्त्याकडे बराच वेळ बघत राहिली. "हा फार चांगला झालाय, मामा," ती हळूच म्हणाली.

फक्त एक पत्ता राहिला. सामर्थ्य. त्यात एक बाई नुसत्या हातांनी सिंहाचा जबडा मिटत असते. कारखान्याने सिंह कधी बनवला नव्हता, त्यामुळे मामांना सुचेना.

भाची सत्त्याहत्तर पत्ते घेऊन गेली आणि आठवड्याने परत आली, ती पिशवी टेबलावर आपटतच.

"माझं दुकान बसवलंस तू."

"का? घाबरतात?"

"घाबरत नाहीत, ऐकतात! बेकरीवाली आली, भागीदार सोडावा का म्हणून. पत्ता निघाला, 'गळती दिसताच मुख्य नळ बंद करा.' उठली, थँक्यू म्हणाली, गेली, बंद केला. चार मिनिटं! तो पोस्टातला, लग्नाचं विचारायला येतो, दोन वर्षं येतोय बिचारा. त्याला आलं, 'दोन्ही टोके नीट बसल्याची खात्री करा.' तिला सोबत घेऊन खात्री करायला गेला. आता कशाला येईल?"

"मग चांगलंच झालं की."

"माणसं उत्तर घ्यायला येत नाहीत, मामा. उत्तर त्यांच्याकडे असतंच, फक्त तोंडातून निघत नाही. चित्रात जरा धुकं असावं लागतं, म्हणजे ती बोलतात. तू प्रत्येक ठिकाणी बाण काढलायस." तिने आवाज खाली आणला, मामी आत होत्या. "आणि दुसरं. सत्त्याहत्तरपैकी एक्केचाळीस पत्त्यांवर दुरुस्तीचं लिहिलंय. मी मोजले."

"यंत्रं बिघडतात."

"सम्राज्ञीच्या पत्त्यावरही? सम्राज्ञी बिघडते?"

"सगळ्यात आधी," मामा म्हणाले. "सांगत नाही, एवढंच."

भाचीने त्यांच्याकडे बघितलं आणि तिला कपट कळलं. ते कळायला पत्ते लागत नव्हते.

"बरं," ती म्हणाली. "मामीला घेऊन ये. पण नंतर हे सगळं खोडून द्यायचं."

मामींचा पत्त्यांवर विश्वास नव्हता. पण डॉक्टरांवरही नव्हता, आणि डॉक्टर चहा देत नाहीत. त्या आल्या. मामा सहज सोबत आले आणि सहज कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून भिंतीवरची अक्षरं वाचू लागले.

"प्रश्न काय, मामी?"

"प्रश्न सगळ्या गावाला माहीत आहे. आण इकडे."

मामींनी डाव्या हाताने तीन पत्ते ओढले. दहा सुऱ्या : "धार गेल्यास जाणकाराकडून करून घ्यावी." मग मृत्यू : "बंद करा. दुरुस्त करून घ्या. पुन्हा लावा." मग सम्राज्ञी, कुंडीला पाणी घालणारे दोन हात : "कुरकुर सुरू होताच दाखवावे, वाट पाहू नये."

मामी मोठ्याने हसल्या. "अहो, हे पत्ते आहेत की तुम्ही?"

मामा सातव्या ओळीतलं अक्षर वाचत होते.

मामींनी सम्राज्ञीचा पत्ता उचलला, चष्मा वर करून जवळ धरला, आणि त्यांचं हसू हळूहळू गेलं.

"हे हात कोणाचे?"

"तुझेच," मामा म्हणाले. "दुसऱ्या कोणाचे असणार?"

"माझे?" त्यांनी पत्ता टेबलावर ठेवला आणि शेजारी आपला उजवा हात ठेवला. सुजलेले सांधे, आत वळलेली दोन बोटं. "माझे हे आहेत. ती कोणी पंचवीस वर्षांची बाई दिसतेय. बरी आहे. तिला न्या डॉक्टरांकडे."

"अगं, पाठ झालेत ते हात मला. आपोआप निघतात."

"पाठ झाले म्हणून बघायचं सोडलंत? वर्षभर मी यंत्रापुढे बसले नाही. तुम्हीही कधी बस म्हणाला नाहीत. म्हणजे चित्रात घ्यायच्या लायकीचे राहिले नाहीत, हे तुम्ही कधीच ठरवून टाकलं. आणि डॉक्टरांनी मात्र यांच्यावर मेहनत घ्यावी!"

भाचीने चहाचा कप पुढे केला. मामींनी तो घेतला नाही. कप डाव्या हाताने उचलावा लागला असता, आणि त्या क्षणी त्यांना ते कोणाला दाखवायचं नव्हतं.

घरी दोन दिवस फक्त कामापुरतं बोलणं झालं. "मीठ द्या." "दिलं." मामांनी या दोन दिवसांत तिसऱ्या मॉडेलचं, सातव्याचं, अकराव्याचं माहितीपत्रक कपाटातून काढलं आणि हात बघितले. हात एकाच वयाचे होते. मिक्सर बदलला, झाकण बदललं, हात पंचविशीतच थांबले होते. तिसऱ्या मॉडेलचं झाकण सुटून गरम वाफेने मामींचा अंगठा भाजला होता, त्याचा डाग कुठेही नव्हता. मामांना आठवलं, साहेबांनीच काढून टाकायला सांगितला होता. गिऱ्हाईक बिचकतं म्हणून. त्यांनी तो रबराने खोडला होता. पुढे कोणी सांगायचीही गरज उरली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामी ओट्याशी साखरेची बरणी उघडायला झगडत होत्या. मामा नेहमी ती त्यांच्या हातून घेत आणि उघडून देत. त्या दिवशी त्यांनी स्टूल ओढलं, मांडीवर फळी घेतली, तिच्यावर राहून गेलेला सामर्थ्याचा पत्ता ठेवला, आणि म्हणाले, "तशीच धर."

"काय?"

"बरणी. तशीच धर जरा."

मामींनी एकदा त्यांच्याकडे, एकदा फळीवरच्या को‍ऱ्या पत्त्याकडे बघितलं. "चहा राहील."

"राहू दे."

तास गेला. मामांची पेन्सिल एकतीस वर्षांत एवढी हळू कधी चालली नव्हती. पाठ असलेली रेघ आपोआप यायला बघे आणि ते तिला मागे ओढत. सुजलेला सांधा जसा होता तसा काढला. करंगळी जिथे वळते तिथे वळवली. झाकणाला पोचलेली तीन बोटं, न पोचलेली दोन. अंगठ्यावरचा डाग.

"तो पण?" मामी वाकून म्हणाल्या.

"मॉडेल तीन," मामा म्हणाले. "झाकण सदोष होतं. मी तेव्हाच सांगितलं होतं."

"मला नव्हतं सांगितलंत."

"नव्हतं."

मामींनी बरणी खाली ठेवली, हात झटकले आणि पत्ता घेऊन खिडकीशी गेल्या.  मामा पेन्सिलीला टोक करत राहिले. टोक आधीच होतं.

"आणि बाण?" शेवटी मामींनी विचारलं. "बाण कुठे आहे? बाई झाकण लावतेय की उघडतेय?"

"माहीत नाही," मामा म्हणाले.

एकतीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कुठल्याही चित्राबद्दल उच्चारलं नव्हतं. मामींनी ते नीट ऐकलं. मग स्टुलापाशी आल्या, मामांच्या हातातून पेन्सिल घेतली, उजव्या हातात. बोटांत ती राहीना, म्हणून मुठीत धरली, लहान मूल धरतं तशी. पत्ता ओट्यावर दाबून धरला आणि झाकणाभोवती एक बाण काढला. बाण थरथरला, मध्ये एकदा तुटला, टोक जरा भलतीकडे गेलं. पण कुठे फिरवायचं ते स्वच्छ कळत होतं.

"उघडायचं," त्या म्हणाल्या. "यावर आता काही लिहू नका. आणि डॉक्टरांना फोन लावा. बोलेन मी. तुम्ही बोललात तर ते गिझर दुरुस्तीला माणूस पाठवतील."

मामांनी वर बघितलं.

"काय बघताय?"

"काही नाही."

"मग नंबर सांगा."