कोरी ओळ

सकाळी साडेदहाला तिने नगरसभेच्या आवक-जावक टेबलावरची धूळ झटकली, शिक्क्याची तारीख बदलली आणि पहिलंच पाकीट फोडलं. तक्रार तिच्या मोठ्या दिरांविरुद्ध होती.

दीर नगरसभेचे सदस्य. नऊ महिन्यांपूर्वी ते जिल्हासभेवरही निवडून आले. कायदा साधा होता: पंधरा दिवसांत एका पदाचा लेखी राजीनामा द्यायचा, नाही तर दोन्ही पदं जातात. दिरांनी तो दिलाच नाही. दोन्ही सभा एकाच सोमवारी, अकराला भरत. ते मोठ्या सभेला जात आणि इकडे गणसंख्या अपुरी पडे. नाल्यावरच्या पुलाच्या दुरुस्तीचा ठराव पाच वेळा पुढे ढकलला गेला. सहाव्या महिन्यात त्याच पुलाच्या सुटलेल्या फळीत पाय अडकून एक म्हातारी पडली. ती दिरांची सख्खी आई. मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून ती अंथरुणाला खिळली होती.

तक्रार पुलाजवळच्या शिंप्याने केली होती. तिने मुकाट्याने शिक्का मारला.

संध्याकाळी ती घरी आली, तर दीर वाटच बघत होते. त्यांनी एक कागद पुढे केला.

"हा नगरसभेचा राजीनामा. तारीख नऊ महिन्यांपूर्वीची टाकलीय. जुन्या रजिस्टरात पानाच्या तळाला एखादी ओळ कोरी असेलच. तिथे चढव."

"पण दादा, तुम्ही तो दिलाच नव्हता."

"कोण म्हणणार? नऊ महिन्यांत त्या सभागृहात पाऊल तरी ठेवलंय का मी?"

म्हणजे गैरहजेरी हाच पुरावा! तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो बस चालवायचा. घरात मात्र स्टिअरिंगला कधी हात लावायचा नाही.

"एका ओळीचा तर प्रश्न आहे गं," तो पुटपुटला.

आतल्या खोलीतून सासूबाई कडाडल्या, "मग माझ्या पडण्याची तारीखही मागे घे म्हणावं त्याला! जमतंय का बघ!"

दिरांनी कागद टेबलावर ठेवला आणि ते चपला घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा नोंदवला, पण त्या दिवसाच्या तारखेला, आणि तक्रारीसोबत वर, जिल्ह्याच्या साहेबांकडे पाठवला. आठवड्याभरात तिची बदली तळघरातल्या दप्तरखान्यात झाली. जाऊबाईंनी बोलणं टाकलं. सुनावणी तीनदा लांबली; एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा फाइल सापडेना, एकदा कारणच नाही.

चौथ्या वेळीही शिपाई म्हणाला, "बाई, पुढची तारीख घ्या."

"रजा टाकून आलेय. साहेबांनी मागवून घेतलेलं आवक रजिस्टर बघितल्याशिवाय उठणार नाही."

ती चार तास बाकावर बसून राहिली. शेवटी साहेबांनी वैतागून तिला आत बोलावलं आणि रजिस्टर उघडलं. महिन्याभराने आदेश निघाला: दोन्ही पदं रद्द.

त्या दिवशी बसथांब्यावर दोन शेजारी हळहळत होते. "बिचाऱ्याच्या घरातल्याच बाईने त्याचा घात केला."

ती मागेच उभी होती. "भाऊ," ती म्हणाली, "नऊ महिने आपल्या वॉर्डातर्फे नगरसभेत कोण बोललं, सांगाल?"

दोघेही बस येते का ते बघू लागले.