सात आणि आठच्या मधली रेघ

"थांब! आधी हात मागे घे!"

मोठ्या सिस्टर ओरडल्या तेव्हा सुई आठव्या खाटेवरच्या आजोबांच्या दंडाला टेकायचीच बाकी होती. इन्सुलिन सातव्या खाटेचं होतं. आजोबांना साखरेचा आजारच नव्हता.

"मी कागद बघूनच आले हो," नव्या सिस्टरचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मोठ्या सिस्टरनी तिच्या हातातला तक्ता घेतला. बारा खाटांची औषधं एकाखाली एक नुसती ओतलेली. सातचं कुठे संपतं आणि आठचं कुठे सुरू होतं, ते बोट ठेवूनही कळेना. हाताने लिहायची वही बंद होऊन हा छापील तक्ता आल्यापासून, दोन खाटांच्या मधे रेघ हवी म्हणून त्या कानीकपाळी ओरडत होत्या. ऐकतंय कोण?

त्या तडक संगणक विभागात गेल्या. तिथल्या साहेबांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"आहेत की रेघा. या काय!"

"इथे आहेत. कागदावर कुठे आहेत?"

"या नुसत्या स्क्रीनवर दिसतात, छापल्या जात नाहीत, मॅडम. छापायची रेघ, म्हणजे बॉर्डर, वेगळी द्यावी लागते. अर्ज करा, पुढच्या महिन्यात बघू."

"आणि तोवर माझे पेशंट काय श्वास रोखून बसतील?"

अर्ज त्यांनी तिथेच उभ्याने खरडला. मग जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून त्या वॉर्डातल्या संगणकासमोर बसल्या. सातव्या खाटेच्या ओळी निवडून जाड रेघेवर दाबलं, तर प्रत्येक चौकटीला चहूबाजूंनी गज बसले, तुरुंगाच्या खिडकीसारखे. ते पुसलं. लाल रंग निवडला, तर रेघ काळी ती काळीच. तिसऱ्यांदा रेघ भलतीकडेच, नावांच्या मधोमध उभी राहिली. एकतीस वर्षांच्या नोकरीत भल्याभल्या डॉक्टरांना न बधलेल्या बाईच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. शेवटी मुलीला फोन लावला.

"आई, मीटिंगमध्ये आहे गं मी."

"मग पटकन सांग."

"आधी जाडी, मग रंग, आणि शेवटी रेघ कुठे हवी ते. तू उलटं करतेयस. आणि फक्त खालची कड निवड."

"हे असलं कुणी ठरवलं?"

"मी नाही ठरवलं, आई!"

बारा खाटा, अकरा रेघा. सुट्टी संपता संपता तक्ता छापून झाला. नव्या सिस्टरनं सातवर बोट ठेवून खाली सरकवलं आणि ते लाल रेघेपाशी नेमकं थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेघा गायब!

"रोज सकाळी सहाला नवी फाइल तयार होते, मॅडम. जुनं पुसलं जातं," साहेब फोनवर म्हणाले. मोठ्या सिस्टरनी रिसीव्हर आपटला.

त्या दिवसापासून त्या रोज तासभर लवकर येऊ लागल्या. अकरा रेघा मारायच्या, तोंडाने साहेबांचा उद्धार चालू. दोन महिन्यांनी निवृत्त झाल्या, तरी अर्जाचा पत्ता नव्हता.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सकाळी, सव्वासहाला, त्यांनी वॉर्डात फोन केला. नव्या सिस्टरनं उचलला.

"तू इतक्या लवकर?"

"रेघा मारतेय. नवव्या खाटेपर्यंत आले."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी कशाला सांगायला हवं? ठेवते हं सिस्टर, उशीर होतोय."

सात वाजता वॉर्डात औषधं सुरू होईपर्यंत मोठ्या सिस्टर घरी फोन हातात धरून तशाच बसून राहिल्या.